प्रायोगिक अणुभट्ट्यांचे स्टार्टअप : परवाना हा अडसर, की परवाना हाच माल?

अणुरेणू :

अणुभट्टीचा स्टार्टअप काढणाऱ्या संस्थापकांच्या मुलाखतींत एक पालुपद हमखास ऐकू येतं. तंत्रज्ञान तयार आहे, नियामक सोडत नाही. मला हे अर्धंच पटतं. उरलेल्या अर्ध्यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

उदाहरणं बहुतेक अमेरिकेची घेतो, कारण खासगी प्रयोग तिथे सर्वांत जास्त चालले आहेत आणि अर्ज, पत्रव्यवहार, नकार असं बरंचसं जाहीर वाचायला मिळतं. तिथल्या न्यूक्लियर रेग्युलेटरी कमिशनचे (पुढे नुसतं एनआरसी) दोन जुने रस्ते आहेत. 'भाग ५०' म्हणजे आधी बांधकामाचा परवाना, भट्टी उभी राहिली की चालवण्याचा. १९८९ मध्ये आलेला 'भाग ५२' म्हणजे डिझाइन आधीच प्रमाणित करून घ्यायचं आणि मग बांधकाम व चालवणं यांचा एकत्र परवाना. दोन्ही लिहिले गेले ते पाण्याने थंड होणाऱ्या मोठ्या भट्ट्या डोळ्यांसमोर ठेवून.

न्यूस्केल ही छोटी मॉड्युलर भट्टी घेऊन या दुसऱ्या रस्त्याने गेलेली पहिली कंपनी. २०१६ च्या अखेरीस अर्ज, सुमारे १२,००० पानांचा. कंपनीच्याच सांगण्यानुसार तयारीचा खर्च ५० कोटी डॉलरच्या वर आणि २० लाखांहून जास्त मनुष्यतास. जानेवारी २०२३ मध्ये डिझाइन प्रमाणित झालं, ५० मेगावॉटच्या मॉड्यूलचं. तोवर गिऱ्हाइकासाठी ठरलेलं मॉड्यूल ७७ मेगावॉटचं झालं होतं, म्हणजे त्यासाठी पुन्हा मंजुरी. ती मिळाली मे २०२५ मध्ये. मधल्या काळात, नोव्हेंबर २०२३ मध्ये, आयडाहोतला तो प्रकल्पच रद्द झाला. विजेचा अपेक्षित दर मेगावॉट-तासाला ५८ डॉलरवरून ८९ वर गेला होता, तोही सरकारी सवलत धरून. युटामधल्या ज्या नगरपालिका वीज घेणार होत्या, त्यांनी एकूण क्षमतेच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपासच नोंदणी केली.

थोडक्यात, प्रमाणपत्र हातात होतं आणि गिऱ्हाईक निसटलं. मग अडसर नेमका कुठला म्हणायचा?

शंकासुर :

अहो, पण त्या एका प्रमाणपत्राला सहा वर्षं लागली ना! तेवढ्यात व्याजदर, पोलादाचे भाव, सगळं पालटलं. गिऱ्हाईक निसटलं ते उशिरामुळेच. शिवाय एनआरसी तपासणीचे पैसे अर्जदाराकडूनच घेते, तासाला सुमारे ३०० डॉलर. पेपर तपासणाऱ्याला तासावर मोबदला दिला तर तो कशाला घाई करेल?

खतावणी :

शंकासुर, तासाचा दर डोळ्यांत भरतो, पण खरा खर्च तिथे नाही. त्या ५० कोटींतला मोठा वाटा कंपनीच्या स्वतःच्या अभियंत्यांचा, संगणकीय विश्लेषणाचा आणि चाचण्यांचा. दर तर २०२४ च्या अ‍ॅडव्हान्स कायद्याने नव्या प्रकारच्या भट्ट्यांसाठी निम्म्याहून खाली आणला. त्याने कुणाचा ताळेबंद पालटला असं मला दिसत नाही.

मारतो तो कालावधी. व्हेंचर फंडाचं, म्हणजे नव्या कंपन्यांत पैसे लावणाऱ्या फंडाचं, आयुष्य साधारण दहा वर्षांचं असतं. त्यातली पहिली काही वर्षं गुंतवणुकीत जातात, शेवटची पैसे परत करण्यात. भट्टीचं डिझाइन, परवाना, इंधन, बांधकाम हे सगळं त्या दहा वर्षांत बसत नाही. त्यामुळे संस्थापकाला दर दीड-दोन वर्षांनी असं काहीतरी दाखवावं लागतं, ज्यावर गुंतवणुकीची पुढची फेरी उभी राहील. सॉफ्टवेअरवाला ग्राहकसंख्या दाखवतो. अणुभट्टीवाला काय दाखवणार? त्याच्याकडे दाखवण्यासारखी एकच गोष्ट असते, नियामकाने सही केलेला कागद. माझ्या मते या धंद्यातला पहिला विकाऊ माल तोच. ज्या कंपन्यांना हे उमगलं त्यांनी तो कागद तुकड्यातुकड्यांत मिळवायची सोय केली. बाकीच्यांनी एकदम अख्खा मागितला.

धिम्या_गतीचा_न्यूट्रॉन :

खतावणी यांच्या शेवटच्या दोन वाक्यांना +१. त्यावर दोन कंपन्यांची गोष्ट शेजारीशेजारी ठेवतो.

ओक्लोने मार्च २०२० मध्ये अरोरा नावाच्या अवघ्या दीड मेगावॉटच्या भट्टीसाठी थेट एकत्रित परवान्याचा अर्ज केला. अर्ज मुद्दाम आटोपशीर ठेवला होता. भट्टी इतकी छोटी आणि साधी आहे की जुन्या पद्धतीचं जाडजूड बाड लागूच पडत नाही, असा एकूण सूर. जानेवारी २०२२ मध्ये एनआरसीने तो फेटाळला. कारण असं दिलं की संभाव्य अपघात कोणते आणि कोणत्या यंत्रणा व सुटे भाग सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे धरायचे, याची पुरेशी माहिती नाही. 'तुमची भट्टी धोकादायक आहे' असं त्यांनी म्हटलेलं नाही, आणि पुन्हा अर्ज करायची मुभाही ठेवली. पण जवळजवळ दोन वर्षं गेली ती गेलीच.

कैरोस पॉवरने अर्जाच्या कितीतरी आधी एनआरसीशी बोलणी सुरू केली. शीतक म्हणून वापरायचं फ्लोराइड मीठ, इंधनाची पात्रता, अपघातांचं विश्लेषण करायची पद्धत अशा एकेका विषयावर स्वतंत्र अहवाल देऊन ते वेगवेगळे मंजूर करून घेतले. या प्रकाराला टॉपिकल रिपोर्ट म्हणतात. मुख्य अर्ज टेबलावर आला तेव्हा वादाचे बरेच मुद्दे आधीच निकाली निघाले होते. अर्जही वीज विकणाऱ्या भट्टीचा नव्हता. टेनेसीतल्या ओक रिजची हर्मीस ही ३५ मेगावॉट औष्णिक क्षमतेची चाचणी भट्टी, जनित्र नाहीच. २०२१ मध्ये अर्ज, डिसेंबर २०२३ मध्ये बांधकाम परवाना. पाण्याने थंड न होणाऱ्या भट्टीला असा परवाना ५० हून जास्त वर्षांनी मिळाला. पुढच्याच नोव्हेंबरात हर्मीस-२ लाही मिळाला, कारण बहुतेक तपासणी आधी झालेलीच होती.

नियामक तोच, रस्ते मात्र वेगळे. मोठा फरक हा की एकीने प्रश्न येण्याची वाट पाहिली, दुसरीने प्रश्न स्वतःहून मागवून घेतले.

आणखी एक. कैरोस अणुइंधनाशिवाय चालणारी पूर्ण आकाराची चाचणी यंत्रं बांधते. पंप, झडपा, मिठाचं अभिसरण, वेल्डिंग, सगळं खरं आणि आत युरेनियम नाही. त्याला अणुपरवाना लागत नाही, पण अडचणी मात्र खऱ्या सापडतात. गुंतवणूकदाराला हात लावून बघता येईल असं काहीतरी उभं राहतं, हा फायदा वेगळाच.

मृगजळ :

वाचतेय. छान चाललाय धागा. एक बाळबोध प्रश्न : अशा भट्ट्यांबद्दलच्या लेखांत ट्रायसो इंधन, ट्रायसो इंधन असं येतं. ते काय?

धिम्या_गतीचा_न्यूट्रॉन :

खसखशीएवढा युरेनियमचा कण, त्यावर कार्बनचे आणि सिलिकॉन कार्बाइडचे थर. विखंडनातून तयार होणारे किरणोत्सारी पदार्थ या थरांच्या आतच अडकून राहतात, खूप तापमानातही. त्यामुळे 'आमच्या इंधनाच्या प्रत्येक कणाला स्वतःचं कवच आहे, मग भोवती काँक्रीटचा अवाढव्य घुमट कशाला' असा युक्तिवाद करता येतो. घुमट वाचला की खर्च वाचतो. बनवायला मात्र किचकट आणि महाग.

शंकासुर :

बरं, कैरोसचं मान्य. पण मुळात दीड मेगावॉटच्या भट्टीला आणि हजार मेगावॉटच्या भट्टीला एकाच चाळणीतून का जावं लागतं? १९५४ च्या अणुऊर्जा कायद्यात सगळ्या भट्ट्या सरसकट धरा असं नाही. सरसकट सगळ्यांना धरणारी व्याख्या १९५६ मध्ये नियम करताना घातली गेली. याच मुद्द्यावर लास्ट एनर्जी ही कंपनी आणि टेक्सास, युटा ही राज्यं डिसेंबर २०२४ मध्ये एनआरसीविरुद्ध कोर्टात गेली.

आणि स्थिर खर्चाचं काय? सशस्त्र पहारा, परवानाधारक ऑपरेटर, आपत्कालीन योजना, गुणवत्ता हमीची कागदपत्रं. हजार मेगावॉटवर हा खर्च विरून जातो, दोन मेगावॉटवर तोच भट्टीचा जीव घेतो. छोट्या भट्टीचं अर्थशास्त्र नियमांनी आधीच मारून ठेवलंय.

अणुरेणू :

स्थिर खर्चाचा मुद्दा बिनतोड आहे. इतका की मला वाटतं छोट्या भट्टीवाल्यांनी परवान्याच्या वेगापेक्षा याच्यावर जास्त भांडायला हवं. थोडं झालंही आहे. आपत्कालीन नियोजनाचा दहा मैलांचा ठरीव टापू छोट्या भट्ट्यांना सरसकट लावू नये, प्रत्यक्ष धोक्याप्रमाणे ठरवावा, असा नियम २०२३ च्या अखेरीस आला. कुंपणाच्या आतच टापू संपला तर कारखान्याच्या शेजारी भट्टी लावता येते, आणि गिऱ्हाइकाला उष्णता हवी असेल तर ती शेजारीच लागते. व्यवसायाच्या दृष्टीने मला हा बदल सगळ्या जाहीरनाम्यांहून मोठा वाटतो, पण त्याच्या बातम्या झाल्या नाहीत.

किरणमापक :

मी विकिरण सुरक्षेच्या बाजूचा माणूस, त्यामुळे 'छोटी म्हणजे निरुपद्रवी' हे वाक्य आलं की गप्प बसवत नाही. एसएल-१ चं नाव इथे अजून कुणी कसं घेतलं नाही? आयडाहोतली अमेरिकन लष्कराची प्रायोगिक भट्टी, जेमतेम ३ मेगावॉट औष्णिक. ३ जानेवारी १९६१ च्या रात्री देखभालीच्या वेळी मधला नियंत्रक दांडा (साखळी प्रक्रिया आवरणारा) हाताने वर उचलला गेला, हवा होता त्यापेक्षा बराच जास्त. क्षणार्धात शक्ती हजारो पटींनी उसळली आणि तिघेही कर्मचारी मेले. डिझाइनमध्येच खोट होती, एकटा एक दांडा काढला तरी भट्टी क्रांतिक होऊ शकत होती, म्हणजे साखळी प्रक्रिया आपोआप चालू राहू शकत होती. सर्वांत प्रभावी दांडा बाहेर अडकून राहिला तरी भट्टी बंद करता आली पाहिजे, हा दंडक त्यानंतर पक्का रुजला.

संस्थापक ज्या नियमांना जुनाट म्हणतात त्यांतल्या काहींमागे अशी नावं-गावं आहेत. काहींमागे नाहीत, तेही कबूल. कुठला नियम कुठल्या जातीचा हे ओळखणारा माणूस कंपनीत पहिल्या दहा जणांत असायला हवा. बहुतेक ठिकाणी तो पन्नासावा येतो, आणि तोवर डिझाइन गोठलेलं असतं.

खतावणी :

किरणमापक यांचा शेवटचा परिच्छेद सोन्याने मढवावा असा आहे.

आता परवान्याइतकाच मोठा अडथळा, ज्याबद्दल संस्थापक हळू आवाजात बोलतात : इंधन. नव्या डिझाइनांपैकी बऱ्याचशांना हॅल्यू लागतं, म्हणजे ५ ते २० टक्क्यांच्या मधलं समृद्ध युरेनियम (टक्के हे सहज विखंडन होणाऱ्या युरेनियम-२३५ चे). चालू वीजकेंद्रांना ५ टक्क्यांपर्यंतचं पुरतं. व्यापारी पातळीवर हॅल्यू विकणारा पुरवठादार अनेक वर्षं एकच, रशिया. युक्रेनवर हल्ला झाला आणि गणित कोसळलं. बिल गेट्स यांच्या टेरापॉवरने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं की वायोमिंगमधल्या केमररची नेट्रियम भट्टी निदान दोन वर्षं लांबणार. कारण इंधन नाही. परवान्याचा तेव्हा काही संबंध नव्हता, बांधकामाचा अर्जच मार्च २०२४ मध्ये गेला.

तीच कंपनी त्याआधी चीनमध्ये प्रायोगिक भट्टी बांधणार होती. अमेरिकेने २०१८ मध्ये अणुतंत्रज्ञानाच्या निर्यातीवर निर्बंध कडक केल्यावर तो बेत सोडावा लागला. पैसा, नाव, तंत्रज्ञ सगळं असलेल्या कंपनीची ही गत.

युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रस कंपनीने ओहायोतल्या पाइकटनमध्ये हॅल्यू बनवायला सुरुवात केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिले २० किलो सरकारला दिले, २०२५ च्या मध्यापर्यंत ९०० किलोंचा टप्पा गाठला. भट्टीला लागतं टनांत. पुन्हा कोंबडी आधी की अंडं आधी : भट्ट्यांची ऑर्डर नाही म्हणून समृद्धीचा कारखाना कुणी वाढवत नाही, कारखाना नाही म्हणून भट्टीला कर्ज मिळत नाही. म्हणूनच मला एखाद्या नव्या कंपनीची पहिली परीक्षा हीच वाटते की तिने साध्या, आज बाजारात मिळणाऱ्या इंधनावर चालणारं डिझाइन निवडलंय का. लास्ट एनर्जीचं या बाबतीत कौतुक. कोर्टबाजीबद्दल मत राखून ठेवते.

सूर्यफूल :

विखंडनवाल्यांची रडगाणी ऐकून झाली असतील तर संलयनाकडे, म्हणजे अणू फोडण्याऐवजी जोडण्याकडे, या! एप्रिल २०२३ मध्ये एनआरसीने ठरवलं की संलयनाच्या यंत्रांना भट्टीचे नियम लावायचे नाहीत. कणत्वरक किंवा रुग्णालयातले किरणोत्सारी स्रोत ज्या चौकटीत येतात, त्याच चौकटीत ती येतील. अ‍ॅडव्हान्स कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केलं. ब्रिटननेही २०२३ च्या ऊर्जा कायद्यात संलयनाला अणुस्थळ परवान्यातून वगळलं. साखळी प्रक्रिया नाही, वितळणारा गाभा नाही, मग ते ओझं कशाला?

आणि गिऱ्हाइकंही आहेत. हेलिऑनने मायक्रोसॉफ्टला २०२८ पासून वीज द्यायचा करार २०२३ मध्येच केला. कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्सच्या व्हर्जिनियातल्या नियोजित केंद्राची २०० मेगावॉट वीज गूगल घेणार आहे.

किरणमापक :

सूर्यफूल, नियम सैल झाले हे खरं, आणि ते योग्यच झालं. पण ट्रिटियम हा किरणोत्सारी हायड्रोजन हाताळायचा आहे आणि न्यूट्रॉनांच्या माऱ्याने यंत्राचे भाग किरणोत्सारी होणार आहेत, तेव्हा कागद लागेलच, कमी लागेल इतकंच. तुमचा खरा परीक्षक भौतिकशास्त्र आहे आणि त्याच्याकडे मुदतवाढीचा अर्ज करता येत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटी या संलयन प्रयोगशाळेने २.०५ मेगाज्यूल लेसर ऊर्जा देऊन ३.१५ मिळवली तेव्हा जगभर जल्लोष झाला. ते लेसर चालवायला ग्रिडमधून ३०० मेगाज्यूलच्या आसपास वीज लागली होती.

शंकासुर :

अवांतर होतंय, पण संलयनाचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. नियामक बाजूला झाला तर पैसा येतो, हे दिसलं की नाही?

बरं, विखंडनातही आता नवा रस्ता निघालाय. मे २०२५ च्या अध्यक्षीय आदेशांनी एनआरसीला नव्या परवान्यांसाठी १८ महिन्यांची मुदत घातली. आणि ऊर्जा विभागाने स्वतःच्या अधिकारात प्रायोगिक भट्ट्यांना मंजुरी द्यायची योजना काढली. दहा कंपन्यांचे अकरा प्रकल्प निवडले, किमान तीन भट्ट्या ४ जुलै २०२६ पर्यंत क्रांतिक करायचं लक्ष्य. एनआरसीला वळसा!

धिम्या_गतीचा_न्यूट्रॉन :

वळसा आहे, पण तो त्याच फाटकापाशी परत येतो. ऊर्जा विभागाच्या अधिकारात प्रायोगिक भट्टी चालवता येते. वीज बाजारात विकायची किंवा तीच भट्टी दुसऱ्याला विकायची म्हटलं की परवाना एनआरसीचाच. प्रयोगातून आलेली मोजमापं त्या अर्जात वापरता आली तर फायदा मोठा, कारण खऱ्या भट्टीच्या आकड्यांपुढे संगणकीय प्रतिकृतीवरचे शंभर प्रश्न गळून पडतात. ती मोजमापं एनआरसीला चालतील अशा गुणवत्ता पद्धतीने घेतली नसतील तर मात्र सगळं पुन्हा. त्यामुळे घाईत भट्टी पेटवणाऱ्याने नोंदवह्या आधी लावाव्यात.

दुसरं, 'क्रांतिक' या शब्दावर बातम्या फार झुलतात. व्हॅलार अ‍ॅटॉमिक्सने नोव्हेंबर २०२५ मध्ये लॉस अ‍ॅलामॉस प्रयोगशाळेच्या मदतीने शीत क्रांतिक अवस्था गाठली. गाभ्याच्या भौतिकशास्त्राची चांगली चाचणी, आणि एवढ्या तरुण कंपनीसाठी कौतुकास्पदच. पण त्यात उष्णता काढायची नसते आणि झीज बघायची नसते. अमेरिकेच्या अणुपाणबुड्यांचे जनक अ‍ॅडमिरल रिकओव्हर यांनी १९५३ मध्येच एका टिपणात लिहून ठेवलंय की कागदावरची भट्टी साधी, छोटी, स्वस्त आणि लवकर होणारी असते, आणि बांधायला घेतलेली भट्टी नेमकी उलट.

किरणमापक :

आणि नियामकाची पत हीसुद्धा कंपनीची मत्ता असते, हे विसरू नये. जून २०२५ मध्ये एनआरसीचे आयुक्त क्रिस्टोफर हॅन्सन यांना पदावरून काढलं गेलं. वेग वाढला तरी 'हा शिक्का दबावाखाली पडला' अशी शंका राहिली तर विमा कंपनी, बँक आणि परदेशी नियामक त्या शिक्क्याला किती मोल देतील? कॅनडाच्या नियामकाने एप्रिल २०२५ मध्ये डार्लिंग्टनच्या अणुकेंद्राला बीडब्ल्यूआरएक्स-३०० या छोट्या मॉड्युलर भट्टीचा बांधकाम परवाना दिला. त्याकडे इतर देश लक्ष देऊन बघतात, ते त्यामागच्या तपासणीवर विश्वास आहे म्हणून.

मृगजळ :

मला ट्रान्सअ‍ॅटॉमिकची आठवण झाली. एमआयटीतून निघालेली, वितळलेल्या मिठाची भट्टी बनवणारी कंपनी. खणलेल्या युरेनियममागे नेहमीच्या भट्टीच्या ७५ पट वीज, असा दावा होता. एमआयटीच्याच अणुअभियांत्रिकीच्या प्राध्यापकांनी आकडेमोड तपासली आणि दावा 'दुपटीहून जास्त' एवढ्यावर आला. २०१८ मध्ये कंपनी बंद झाली, पण जाताना डिझाइन सर्वांसाठी खुलं करून गेली. त्यात नियामकाचा दोष काहीच नव्हता ना?

अणुरेणू :

काहीच नाही, मृगजळ. उलट ती तपासणी पैसे उभे करायच्या आधी झाली असती तर सगळ्यांचंच भलं झालं असतं.

शंकासुर :

चला, मग व्यवसायाचंच बोलू. भट्टी विकायची की वीज?

खतावणी :

बहुतेक नवे लोक वीज विकायच्या बाजूचे आहेत. ओक्लो स्वतः बांधणार, स्वतः मालक राहणार आणि वीज किंवा उष्णता विकणार. गिऱ्हाइकाला हे आवडतं, कारण डेटा सेंटरवाल्याला अणुपरवान्याचा धनी व्हायचं नसतं. पण मग प्रत्येक भट्टीचं भांडवल तुमच्या माथी, आणि पहिल्या भट्टीचा खर्च फुगला तर तोही तुमचाच. भट्टी विकणाऱ्याचा धोका कमी, पण त्याला धोका पत्करणारा खरेदीदार शोधावा लागतो. जॉर्जियातल्या व्होग्टलच्या दोन भट्ट्यांचा खर्च १४ अब्ज डॉलरच्या अंदाजावरून ३० अब्जांच्या पलीकडे गेल्याचं सगळ्या वीजकंपन्यांनी पाहिलंय. पहिला नंबर लावायला कुणी तयार नाही, पाचव्या नंबरला सगळे.

तिसरा मार्ग मला सर्वांत शहाणा वाटतो, पण त्याला ग्लॅमर नाही. विस्कॉन्सिनची शाइन कंपनी आधी न्यूट्रॉनांनी औद्योगिक भागांची तपासणी विकते, मग वैद्यकीय समस्थानिकं, पुढे वापरलेल्या इंधनाची प्रक्रिया, आणि संलयनाची वीज सर्वांत शेवटी. मधल्या प्रत्येक पायरीला गिऱ्हाईक आहे आणि प्रत्येक पायरीवर नियामकाशी ओळख वाढते. याउलट अल्ट्रा सेफ न्यूक्लियरकडे डिझाइन होतं, ट्रायसो इंधनाचं काम होतं, विद्यापीठातला प्रकल्प होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि मालमत्ता तुकड्यांत विकली गेली.

शंकासुर :

पण गूगल, अ‍ॅमेझॉन यांचे इतके करार झाले की आता. पैशाची चणचण कुठे राहिली?

खतावणी :

करारांच्या बातम्या वाचताना क्रियापद बघावं. 'घेण्याचा इरादा', 'सहकार्य करणार', 'क्षमता विकसित करणार' यांवर बँक कर्ज देत नाही. किंमत, तारीख आणि वीज न घेतल्यास भरपाई हे तिन्ही कागदावर असेल तरच तो वीजखरेदी करार. त्या दृष्टीने ऑगस्ट २०२५ मधला कैरोस, गूगल आणि टेनेसी व्हॅली अथॉरिटी ही सरकारी वीजकंपनी यांचा करार बघण्यासारखा आहे, कारण त्यात वीजकंपनीने हर्मीस-२ ची ५० मेगावॉटपर्यंत वीज विकत घ्यायचं मान्य केलंय. टेरापॉवरच्या मागे तर सरकारच उभं आहे, सुमारे २ अब्ज डॉलरपर्यंत, कंपनीने तितकेच घालायचे या अटीवर. पहिल्या भट्टीचा फुगलेला खर्च कोण सोसणार, याचं उत्तर ज्या करारात नाही तो मी बातमी म्हणून वाचते आणि सोडून देते.

किरणमापक :

त्यात एक ओळ मी वाढवीन. वापरलेलं इंधन कोण घेणार, हेही करारात शोधा. १९८२ च्या कायद्याने ती जबाबदारी अमेरिकन सरकारवर टाकली. नेवाडातल्या युक्का माउंटनमध्ये ते कायमचं पुरायच्या जागेचं काम थांबल्यापासून सरकार ते इंधन उचलत नाही, आणि वीजकंपन्यांना कोर्टाच्या आदेशाने भरपाई देत बसलंय. सोडियम किंवा मिठाच्या भट्टीतून निघणारा कचरा त्याहून वेगळ्या जातीचा. त्याच्या पिंपाची मंजुरी हा आणखी एक परवाना, ज्याचा अर्ज अजून बहुतेकांनी लिहायलाही घेतलेला नाही.